तारेनं बांधलेल्या चपला

ईदच्या सकाळी पाहुणे यायच्या आधी मी माझ्या मुलाच्या, साबरीच्या, तारेनं बांधलेल्या चपला पायऱ्यांवरून उचलून कोंबड्यांच्या खुराड्यात फेकल्या. क्वालालंपूरहून पुतण्यांचे चकचकीत बूट येणार, त्यांच्या ओळीत कारकून पोराची ही लक्तरं कशाला? पानात शिजवलेल्या भाताचे केतुपात वाढताना जाऊबाईनं टोचलंच, “चाळिशीतच साबरीची नोकरी गेली म्हणे. हाकललं का गं त्याला?” “रजेवर आलाय,” मी फणकारले. साबरी हसला. “रजा नाही, काकी, मीच सोडली. इतकी वर्षं अंगावर नवं घातलं नाही, पैसे साठवले. पोटापुरतं जमलंय बघा. ही माझी माक दर ईदला करवादायची ना, ‘उद्या लगेच पळणार?’ आता नाही पळणार.” माझी मान वर होईना. तो दारात गेला. “माक, माझ्या चपला?” सगळ्यांसमोर मी पायऱ्या उतरले, खुराड्यात वाकले. ईदच्या नव्या ओढणीनं घाण पुसली आणि चपला बुटांच्या ओळीत मधोमध ठेवल्या.