अभिजीतच्या हळदीचं गाणं

"धवलारीण नको. मोबाईलवर लावा गानं," धर्मराज म्हणाला आणि घरातला गलका एकदम थांबला.

त्याच्या धाकट्या मुलाची, अभिजीतची हळद परवावर आली होती. उल्हासनगरहून मांडवाच्या झालरी आल्या होत्या. पोरांनी डीजे सांगून ठेवला होता, पण तो जेवणं झाल्यावर नाचायला. त्याबद्दल कुणाची कुरकुर नव्हती. हळद लावताना मात्र धवळे, म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी, म्हणायला धवलारीण बनूबाईच येणार, हे शिरगावात कुणी ठरवत बसत नाही. ती येतेच. आणि हा नियम साऱ्या भावकीला आयुष्यभर ठणकावून सांगणारा माणूस दुसरातिसरा कुणी नव्हे, धर्मराजच. थोरल्या मुलाच्या, महेशच्या हळदीत बनूबाईचा आवाज ऐकू येईना, तेव्हा त्याने स्वतः उठून डीजेची वायर उपटली होती.

"मोबाईलवर कुठलं लावू?" अभिजीतने विचारलं.

"म्हेशच्या हलदीचं हाय माझ्याकडं. तेच लाव."

"अरे बाबा, त्यात बनूबाई दादाचं नाव घेते. नवरा कोण, मी का तो?"

सगळे खो खो हसले. धर्मराज हसला नाही. फोन उचलून तो गॅलरीत जाऊन बसला.

धवळ्यांत घरच्या माणसांची नावं गुंफलेली असतात. बनूबाई एकेक नाव घेते, हळद लावायला बोलावते, आणि ते माणूस उठून पाटाशी येतं. महेशच्या हळदीत नवऱ्याचे आईबाप म्हणून 'धर्मराज-अंजनी' अशी जोडीने हाक आली होती. कुणा भाच्याने ते गाणं फोनवर घेऊन ठेवलं. पुढे अंजनी गेली. तेव्हापासून म्हातारा दुपारभर गॅलरीत बसून तेच ऐकायचा. जोडीचं नाव येऊन गेलं, की बोटाने मागे सरकवून पुन्हा तिथेच. घर माणसांनी भरलेलं होतं. जेवायला हाक होती, औषधाची आठवण होती, कुणी काही कमी करत नव्हतं. तरी तो एकटा होता, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

"कळत कसं नाही तुम्हाला?" त्या रात्री थोरली सून प्राची नवऱ्याला, महेशला म्हणाली. "आईंचं नाव ऐकायचंय त्यांना. आता बनूबाई आली तर आईंचं नाव येणार का गाण्यात?"

महेशला एकदम भरून आलं. इतके दिवस आपल्या डोक्यात हे कसं आलं नाही, असं त्याला झालं. दुसऱ्या दिवशी आनंदनगरच्या कारखान्यातली फर्स्ट शिफ्ट संपताच त्याने प्राचीला गाडीवर बसवलं आणि दोघं बनूबाईकडे गेले. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. दोघांनी घाबरत घाबरत विषय काढला. गेलेल्या बाईचं नाव हळदीत घ्यायला ती नाही म्हणाली, तर काय करायचं?

"त्याच्यान काय एवरं?" बनूबाई सुपातला खडा फेकत म्हणाली. "पैले देव बोलवाचे, मंग घरातली गेलेली मान्सं. तिकरं घेते अंजनीचं नाव. मानाची बाय होती ती."

घरी आल्या आल्या प्राची गॅलरीत गेली. "बाबा, बनूबाई आईंचं नाव घेणार आहे. कबूल केलंय तिने."

धर्मराजने गाणं थांबवलं. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, मग फोन खिशात टाकला. "बरं केलंस, पोरी," एवढंच म्हणाला. मोबाईलवरच्या गाण्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. काम फत्ते झालं म्हणून प्राची खुशीत स्वयंपाकघराकडे वळली.

हळदीला नवऱ्याचे आईबाप म्हणून जोडपंच बसावं लागतं. धर्मराजची जोडी मोडलेली. मग तो मान थोरला मुलगा आणि सून म्हणून महेश-प्राचीकडे आला. रिवाजच तसा, त्यात कुणाचा दोष नाही. धर्मराज नवी टोपी घालून मांडवाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. कुणीतरी त्याच्या हातात थंड दिलं होतं. ते तसंच होतं.

बनूबाईने आवाज लावला. आधी गावदेवीला बोलावलं, कुलदेवाला बोलावलं. मग घरातल्या गेलेल्या माणसांना. त्यांत सगळ्यांत शेवटी, सावकाश, अंजनीला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. महेशने तर मान खाली घालून हुंदकाच दिला. मग हयात माणसं आली. नवऱ्याचे आईबाप म्हणून महेश-प्राची. चुलता बबन आणि चुलती. मामा-मामी. अंबरनाथची आत्या आणि तिचा नवरा. नाव येईल तशी एकेक जोडी उठत होती, हळद लावत होती, हसत होती, फोटोला उभी राहत होती. नावं संपली तसं बनूबाईने गाणं आवरतं घेतलं आणि पाणी मागितलं. पोरांनी डीजेकडे धाव घेतली.

पिवळ्या हातांनी प्राची उठली आणि सासऱ्याजवळ आली. तो खुर्चीच्या अगदी कडेला सरकून बसला होता, हात गुडघ्यांवर, आत्ता उठेल असा. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"बाबा, आलं ना आईंचं नाव? आता बरं वाटतंय ना?"

"तिचं आलं, पोरी," धर्मराज म्हणाला. "माझं नाय आलं."