महाराजांच्या वहाणा

आत्मारामने दगडापुढच्या वहाणा उचलल्या, उलट्या करून पाहिल्या आणि डोळे मिटून कपाळाला लावल्या. मागे उभ्या असलेल्या टीकारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कालच त्या शेणात गेल्या होत्या. निदान धुऊन तरी ठेवायला हव्या होत्या.

"टाचा बघा कशा झिजल्यायत," आत्माराम जमलेल्या माणसांना म्हणाला. "वर्षभर महाराज स्वतः फिरले."

लोकांनी हात जोडले. टीकारामनेही जोडले.

हंगाम संपला की नाटे गावाजवळच्या या आंब्याच्या बागेत राखण द्यायची रीत होती. बागेचा न दिसणारा मालक म्हणजे राखणदार, गावाच्या तोंडी महाराज. एक जांभ्याचा दगड ही त्याची जागा. रात्रभर तो घुंगुरकाठी आपटत बागेच्या कडेने फिरतो, म्हणून त्याला कोंबडा, नारळ आणि वहाणांचा नवा जोड. दिसणारा मालक आत्माराम. आणि टीकाराम हा नेपाळहून आलेला गुरखा, म्हणजे कोणीच नाही.

गावात त्याला बहादूर म्हणत. त्याच्याआधीचाही बहादूर, शेजारच्या बागेतलाही बहादूर, मासेमारीच्या बोटींवरचे नेपाळी तर झाडून सगळे बहादूर. पहिल्या वर्षी त्याने एकदोघांना आपलं नाव सांगून पाहिलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, बरं बहादूर. मग त्याने नाद सोडला. आत्मारामच्या पडवीत त्याचा कान तुटलेला कप वेगळा असे. चहा प्यायचा, कप विसळायचा, कोनाड्यात पालथा घालायचा. टीकाराम हसत हसत पालथा घाली. हसायला काय जातं?

पण बागेची राखण हसून होत नाही. आंबे चोरायला येत ती गावातलीच माणसं, आणि ती बहादूरला भीक घालत नसत. एकाने तर झाडावरून त्यालाच शिडी धरायला सांगितली होती. मालकाला नावं सांगावीत तर आमच्या माणसांना चोर म्हणणारा तू कोण, असं तो यालाच झापे. आणि पगार कापायचा तो मात्र याचाच.

गेल्या वर्षीच्या राखणीला टीकाराम असाच मागे उभा होता. गावचा म्हातारा भागोजी दगडापुढे गाऱ्हाणं घालत होता. ते ऐकता ऐकता टीकारामला एक गोष्ट कळली. या गावात गुरख्याला कोणी घाबरत नाही, घुंगरांना सगळे घाबरतात. खोपीत परतल्यावर त्याने बायकोला, धनमायाला विचारलं, त्या दहा नंबरच्या वहाणा तिथे नुसत्या पडूनच राहणार का?

मग काय! बैलाच्या गळ्यातले जुने घुंगरू काठीला बांधले, वहाणांत चिंध्या कोंबल्या आणि महाराज फिरायला लागले. पहिल्याच फेरीला दोघं फांदीवरून धपाधप उड्या टाकून पळाले. दिवसा 'ए बहादूर' करणारे रात्री घुंगरू ऐकून भर रस्त्यात हात जोडू लागले. टीकारामला त्याची चटकच लागली. आधी तो नुसता फिरे, पुढे पुढे जरा रुबाबात फिरू लागला. दिवसभर तू वाकतोस, रात्री ते वाकतात, फिटंफाट झाली, असं धनमाया म्हणायची. यंदा बागेतला एकही आंबा गेला नाही.

आणि तिथेच घात झाला.

"आता सगळ्यांसमोर सांगतो," आत्माराम वहाणा खाली ठेवत म्हणाला. "महाराज एवढे जागृत आहेत, मग गुरख्याला पोसायचं कशाला? बहादूर, उद्या खोपी रिकामी कर."

टीकारामने आपल्या पोटावर आपणच पाय दिला होता. खरं सांगावं तर देवाची थट्टा केली म्हणून गाव सोलून काढणार. न सांगावं तर पोरीची शाळा सुटणार. अस्मिता गावच्या शाळेत तिसरीत होती. पाढे मराठीत म्हणायची, झोपेतसुद्धा. तिला आता कुठे न्यायचं? त्याला अगदी रडू यायच्या बेतात होतं. सवयीने तो हसला.

गुरख्याला काढतोय, तेवढी महाराजांची संमती घ्या, असं आत्मारामने भागोजीला सांगितलं. भागोजी दगडापुढे बसला आणि त्याने डोळे मिटले. ते बराच वेळ उघडेनात.

"म्हाराज बोलतायत," शेवटी भागोजी म्हणाला, "ह्यो गेला तर मीपन चाललो."

आत्मारामचं तोंड उतरलं. का बरं, असं त्याने चाचरत विचारलं. महाराजांना कारणं विचारायची पद्धत आपल्या बापाच्या वेळेपासून नाही, असं भागोजीने त्याला ऐकवलं. बागवाला एक वेळ माणसाशी वाकडं घेईल, राखणदाराशी घेणार नाही. आत्मारामने कान धरले, दगडापुढे नाक घासलं आणि पावसाआधी बहादूरची खोपी शाकारून द्यायचंही कबूल केलं.

भागोजीने पिशवीतून वहाणांचा नवा जोड काढून दगडापुढे ठेवला. यंदाचा जोड जरा लहानच दिसतोय, असं कोणीतरी पुटपुटलं. भागोजीला ते ऐकू आलं नाही. नारळ फुटला, प्रसाद वाटायला सुरुवात झाली. नेहमीप्रमाणे टीकारामची पाळी सगळ्यांत शेवटी आली. भागोजीने त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला, त्याच्या पायांकडे एकवार पाहिलं आणि हळूच विचारलं,

"सात नंबर बरोबर होतील ना रे, टीकाराम?"