मधली चौकट

भागीच्या गळ्यात पांढरा पट्टा होता. मान वळत नव्हती, म्हणून हेडसरांकडे बघायचं तर तिला अख्खी खुर्ची सरकवावी लागत होती. शेजारी तिची आई, रत्नाबाई. तारापूरच्या कंपनीतून पाळी अर्धी सोडून आलेली, अंगावर कंपनीचा निळा कोट तसाच.

"हाड शाबूत आहे म्हणतात डॉक्टर. पंधरा दिवस पट्टा," हेडसर म्हणाले आणि एक कागद त्यांनी टेबलावरून पुढे सरकवला. "इथे सही करा. संस्थेला पाठवावं लागतं."

कागदावर टाइप केलं होतं, 'विद्यार्थिनीने भिंतीवरील चित्रमय सूचनांकडे दुर्लक्ष केल्यामुळे दुखापत झाली.'

"आणि कसरतीच्या गटातून नाव काढतोय हिचं. जी पोर बघून करत नाही, तिची जोखीम कोण घेणार?"

भागीने खुर्ची आईकडे सरकवली. पाचवीतल्या बेचाळीस मुलींतून तिची निवड झाली होती. घिवली गावातल्या निम्म्या घरांना तिने ते स्वतः जाऊन सांगितलं होतं.

"माझीच पोर दांडगी हाय, सर," रत्नाबाई म्हणाली. "घरी पण माडावर चढते. बाईंनी एवढी चित्रं काढून लावली, तरी हिचं ध्यान नाय." मग ती दाराशी उभ्या असलेल्या जयवंतीकडे वळली. "बाई, तुमी वाईट वाटून घेऊ नका हां."

या बाईने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं जयवंतीला वाटलं. तिने नजर फरशीवर ठेवली.

जयवंती खरं तर मराठी शिकवायची. खेळाचे सर नोकरी सोडून गेले आणि तो तास तिच्या गळ्यात पडला. मग त्रेचाळिसाव्या वर्षी ती स्वयंपाकघरात गादी टाकून, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून कोलांटी शिकली. "आता सर्कशीत अर्ज कर," नवरा म्हणाला. पहिल्याच दिवशी ती टाळू टेकवून उलटली आणि पुढचे तीन दिवस एका हाताने मान धरून भाजी चिरत होती. तेव्हा कळलं, सगळी गोम हनुवटीत आहे. ती छातीला घट्ट लावली की टाळूवर भार येतच नाही, पाठ गोल होते आणि अंग चाकासारखं फिरतं.

आपली मान गेली, मुलींची जाऊ नये, म्हणून तिने पोस्टर काढायला घेतलं. एका ओळीत पाच चौकटी, एकीतून दुसरीकडे जाणारे जाडजूड बाण. अक्षर एकही नाही. निम्म्या मुली वाचताना अडखळतात. नुसतं बघून जमलं पाहिजे, हा तिचा हट्ट. मधल्या चौकटीतली हनुवटी तिने सात वेळा खोडून काढली होती.

बोईसर स्टेशनजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात धीरजने चित्रं संगणकावर लावली. वाढदिवस आणि 'हार्दिक अभिनंदन' करून करून त्याचा हात बसलेला. डाव्या कोपऱ्यात संस्थेचे अध्यक्ष, उजव्या कोपऱ्यात गाद्या देणारे देणगीदार.

"आणि तुमचा फोटो, मॅडम? संकल्पना म्हणून? सगळेच लावतात."

"छे, माझा कशाला," जयवंती म्हणाली आणि मोबाइलमध्ये फोटो शोधू लागली.

"कोपरे भरलेत. पण ही दुसरी आणि तिसरी चौकट सेमच आहे ना? मधली उडवतो. तिथे तुम्ही एकदम उठून दिसाल."

ती वाकून बघत राहिली. सारखी दिसत होती खरी. फरक तेवढा हनुवटीचा. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

"उडव," ती म्हणाली.

शुक्रवारी फ्लेक्स लागला. शिक्षकांच्या खोलीत तिने पेढे वाटले. शनिवारी तिला पालघरला मीटिंग होती. जाता जाता मुलींना म्हणाली, "पोस्टर आहे ना, बघत बघत करा." गादीवर पहिली गेली ती भागी.

आता रत्नाबाईने पेनाचं टोपण काढलं होतं.

"थांबा, रत्नाबाई. सही करू नका."

जयवंतीचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "सर, पोस्टरमध्ये एक चित्र कमी आहे. मुख्य तेच. मी काढायला लावलं. माझा फोटो बसावा म्हणून. भागीची काही चूक नाही. तिचं नाव काढू नका."

हेडसरांनी कागद हळूच स्वतःकडे ओढला आणि त्याची घडी केली. रत्नाबाईने पेनाला टोपण लावलं.

जयवंतीला एकदम हलकं वाटलं. खोटं कशाला सांगा, थोडं थोरही वाटलं. चूक झाली, पण कबूल तर केली. एक चित्र राहून गेलं, एवढंच.

भागी मात्र कासावीस झाली. आपल्यापायी बाईंना बोलणी बसणार, असं तिला वाटलं असावं. ती घाईघाईने म्हणाली,

"नाय बाई, कमी नाय काय! दुसऱ्या चित्रापासून बाण हाय, तो तुमच्याकडंच जातो. तुमी कशी मान ताठ करून, हनुवटी वर करून बघताय. मी डिट्टो तशीच केली."