नखातला रंग

ब्रश तेवढे धुऊ नका, असं लेकीने फोनवर तीनदा बजावलं, तेव्हा ते धुऊन, पुसून डब्यात उभे होते.

रंगाऱ्याने तिला ते सांगितलं नाही. "ये तू," एवढंच म्हणाला.

बायको काल दुपारी चित्रासमोरच्या खुर्चीतच गेली. शेजारणींनी तिला पलंगावर नेलं, डॉक्टर येऊन गेला, आणि सहा वाजले तसा रंगारी उठला. सहाला ब्रश धुवायचे, हे त्याचं बावन्न वर्षांचं काम. "घाण करणं माझं, धुणं तुमचं," असं ती म्हणायची. त्याने रंग कालवायच्या फळीवरचा ओला रंग चाकूने खरवडला, फळी टर्पेंटाइनने पुसली आणि तेलकट चिंध्या पेट घेतात म्हणून मागे अंगणात नेऊन जाळल्या. भिंती रंगवण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे आठवावं लागत नाही. हात करतात.

सकाळी लेक आली. आईच्या कपाळावर हात ठेवून थोडा वेळ बसली, मग चित्राच्या खोलीत गेली. फळी ताटासारखी स्वच्छ होती.

"बाबा, काल अकराला तिचा फोन आला होता. म्हणाली, रंग सापडला एकदाचा."

रंगाऱ्याने दाराची चौकट धरली.

चित्र चर्चसाठी होतं. क्रूसावरून उतरवलेला मुलगा आणि त्याला मांडीवर घेऊन बसलेली आई. मुलाला चेहरा त्यांच्या थोरल्याचा होता. तो गेला त्याच महिन्यात तिने तो एका बैठकीत काढला. आईच्या चेहऱ्याच्या जागी मात्र अकरा वर्षं कोरं कापड आणि पेन्सिलीच्या चार रेघा. लेकीला तिने सांगून ठेवलं होतं, माझ्या हातून नाही झालं तर तू पुरं कर, पण रंग मी कालवलेला घे. आज चार वाजता हे चित्र चर्चमध्ये तिच्या शवपेटीशेजारी उभं राहायचं होतं.

नऊला फादर आले. तरुण होते, या चर्चमध्ये दोनच वर्षं झालेली. प्रवचनात चार शब्द बोलायला हवेत म्हणून वही घेऊन बसले.

"वय?"

"सत्याऐंशी."

"गायनमंडळ किती वर्षं?"

"चव्वेचाळीस. पोरांना म्हणायची, देव बहिरा नाही, ओरडू नका."

फादर किंचित हसले. "नाटकंही बसवायच्या म्हणे?"

"दर वर्षी एक. पडदे मी रंगवायचो. झाड काढलं की म्हणायची, ही कोबी का?"

"आणि चित्रं?"

"मोजली नाहीत."

"मुलं?"

"दोन," रंगारी म्हणाला. मग म्हणाला, "एक लिहा."

फादर गेल्यावर लेक म्हणाली, "भिंतीचा रंग तुम्ही एकदा बघून जुळवता. हा बघितला असेल ना?"

"धुताना कोण बघतं?"

तरी तो बसला. पांढरा घेतला, पिवडी घेतली, चिमूटभर गेरू. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लावून लेकीपुढे धरला.

"ही बाई आत्ता बाजारातून आल्यासारखी वाटते, बाबा."

त्याने दुसरा कालवला. लेकीने नकारार्थी मान हलवली. तिसरा त्याने स्वतःच पुसून टाकला. आयुष्यात त्याने एकही भिंत रंगाचे दोन हात मारल्याशिवाय सोडली नव्हती, आणि इथे पहिलाच जमत नव्हता.  लेक रागावली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात आतून शेजारीण आली. आत बायकांनी रंगाऱ्याच्या बायकोला आंघोळ घालून चांगली साडी नेसवली होती.

"काका, थोडं टर्पेंटाइन देता का? उजव्या अंगठ्याच्या नखात रंग राहिलाय. साबणाने दोनदा घासलं, निघत नाही. पेटीत अशी कशी ठेवायची?"

रंगारी उठला. "हात लावू नका," तो म्हणाला. त्याचा आवाज एवढा चढलेला त्या घरात कुणी ऐकला नव्हता.

कालवायला डब्याचं झाकण आणि रंगाच्या तीन नळ्या घेऊन तो पलंगाशी बसला. गुंफलेल्या हातांतून त्याने तिचा उजवा हात हळूच सोडवला. जपमाळ बाजूला केली. हात ताठ होता, वळवायला वेळ लागला. नखाच्या कडेला केसाएवढी रेघ होती. तो चष्मा लावून बघत राहिला. मग गेरूची नळी त्याने खिशात टाकली आणि लेकीकडे काळा मागितला. नंतर थोडा हिरवा.

पुठ्ठा अंगठ्याला लावून त्याने तीनदा ताडून पाहिला. तिसऱ्या वेळी नखातली रेघ कुठली, तिचं बोट कुठलं आणि पुठ्ठा कुठला, हे त्याला हाताने चाचपून शोधावं लागलं.

त्याने जपमाळ पुन्हा तिच्या हातांत नीट गुंफली.

लेकीने पुठ्ठा चित्राजवळ नेला. कोऱ्या जागेपाशी धरण्याआधी तो मांडीवरच्या मुलाच्या गालावरून गेला आणि तिथेच थांबला. पुठ्ठ्याची नुसती कड दिसत होती.

"बाबा, हा तर दादाचा रंग आहे."

रंगारी खुर्चीत बसला होता, बायकोच्या खुर्चीत. 

लेकीने ब्रश भरला, पण तो कापडाला लावेना. "गालावर उजेड कुठून घेऊ? डोळ्यांपाशी थोडा हलका करू का?"

रंगाऱ्याने त्या कोऱ्या जागेकडे पाहिलं.

"एकच हात दे," तो म्हणाला. "दुसरा लागायचा नाही."