बारा उदाहरणं

“शाब्दिक उदाहरणं नसतातच त्या परीक्षेत,” पेशंटच्या दाढेवर ड्रिल चालवत डॉक्टर म्हणाले. “ना वेगाची गणितं, ना नळांची. मी दिलीय ती परीक्षा. मलाच विचारायचं आणि वर माझ्यावरच शंका घ्यायची?”

त्यांची मदतनीस लाळ ओढणारी नळी पेशंटच्या गालात धरून उभी होती. अकरा वर्षं ती याच खुर्चीच्या डाव्या अंगाला उभी राहत आली होती. तेहतिसाव्या वर्षी तिनं दंतवैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरला आणि डॉक्टर तिच्याशी धड बोलेनासे झाले. हत्यारं उकळायला जरा उशीर झाला की, “बाईसाहेबांचा अभ्यास चालला असेल.” पेशंटसमोर म्हणायचे, “हिला अक्कलदाढ उशिराच येतेय.” पेशंट बिचारे आ वासूनच हसायचे.

त्या दुपारी गणितातल्या शाब्दिक उदाहरणांचं तिचं पुस्तक ट्रेशेजारी राहिलं. डॉक्टरांनी ते दोन बोटांनी उचललं आणि वापरलेल्या हातमोज्यांच्या डब्यात टाकलं.

“नसत्या गोष्टीत डोकं घालू नकोस. जीवशास्त्र घोक. आधीच वरातीमागून घोडं, त्यात हे कशाला?”

“बरं, सर,” एवढंच ती म्हणाली आणि पुढच्या पेशंटला बोलवायला गेली.

परीक्षा रविवारी झाली. सोमवारी ती वेळेवर हजर होती. हात धुता धुता डॉक्टर कित्येक महिन्यांनी गोड आवाजात बोलले.

“कसा गेला पेपर? टाकी भरणारे नळ, गाडीचा वेग, वर फेकलेला चेंडू... तसली दहा-बारा तरी असतील ना?”

कापूस भरणारा तिचा हात थांबला. “म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.”

“दरवर्षी असतात.” त्यांनी शांतपणे टॉवेल खुंटीला अडकवला. “तू शिकायला गेलीस तर इथं उभं कोण राहणार? जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू.”

“बारा होती,” ती म्हणाली. “बाराही सोडवली.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. “पण नसतात असं मी सांगितलं होतं ना तुला?”

“म्हणून तर जोरात तयारी केली, सर. ‘अजिबात दुखणार नाही’ असं तुम्ही पेशंटला सांगता, तेव्हा त्याचा हात मीच धरलेला असतो.”