एकोणसाठ फुल्या

"एकोणसाठ?" ट्राउगॉटने तिसऱ्यांदा विचारलं. "मास्तर, मोजताना चुकलात तुम्ही."

"दोनदा मोजलीत," एंगेलहार्ट मास्तर पत्ते पिसत म्हणाले. "एकूण मतं एकशे बारा. यादी क्रमांक दोनला एकोणसाठ. मागच्या खेपेला एकही नव्हतं."

यादी क्रमांक दोन म्हणजे तपकिरी सदरेवाले, ज्यूंना देशातून हाकलायला निघालेला पक्ष. काल रविवारी गावच्या शाळेत मतदान झालं होतं, आणि आज संध्याकाळी हे तिघं नेहमीसारखे खानावळीतल्या कोपऱ्यातल्या टेबलावर स्काटचे पत्ते खेळायला बसले होते. तिसरे डॉक्टर ब्लुमेनाउ, गावातले एकमेव डॉक्टर आणि एकमेव ज्यू. स्काटला तीन हात लागतात, आणि अकरा वर्षांत हे तीन हात कधी बदलले नव्हते.

डॉक्टरांनी कोटाच्या खिशातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"बहिणीनं हॉलंडमध्ये माझ्यासाठी इस्पितळात जागा बघितलीय. मी येतो, असं लिहून आणलंय. उद्या सकाळच्या टपालात टाकायचं." ते ओशाळं हसले. "पण हे एकोणसाठ कोण, तेवढं कळलं असतं तर बरं झालं असतं. गावातली निम्मी पोरं माझ्या हातावर जन्मलीत हो."

ट्राउगॉटला आपली पोरगी आठवली. त्याच्या लिझबेटला घटसर्प झाला होता तेव्हा हाच माणूस तीन दिवस तिच्या उशाशी बसून होता. आज पोरगी टुणटुणीत आहे ती त्याच्यामुळे. हा गेला तर कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

"आज दिवसभर मी तेच करतोय, डॉक्टर," तो म्हणाला. "दारोदार हिंडलो. पाववाली फ्रीडा देवाची शपथ घेते. जंगलरक्षक म्हणतो, त्या टोळक्याला मी दारात उभं करत नाही. लोहार तर माझ्याच अंगावर धावून आला. म्हणाला, तू कोण रे विचारणारा? कुणीच दिलं नाही! मग मतं काय आभाळातून पडली?"

"चुली थंड आहेत," मास्तर म्हणाले. "लोकांचा राग कुठूनतरी बाहेर पडणारच."

"राग मलाही आहे की!" ट्राउगॉटचा आवाज चढला. "काचेचे गोळे फुंकण्यात माझ्या तीन पिढ्यांची छाती झिजली. नाताळचं सगळं सामान अमेरिकेला जायचं. दोन वर्षं झाली, एक पेटी हलली नाही. रोज दोन तास चालत जाऊन बेकारीच्या कार्डावर शिक्का मारून घेतो, भिकाऱ्यासारखा. लढाई हरले सेनापती, दंड भरायचा आपण, आणि बर्लिनचे शहाणे नुसते खुर्च्या बदलतात. पण म्हणून..." त्याने बिअरचा घोट घेतला.

"एका मतपत्रिकेवर फुली इतकी दाबून मारली होती, की कागदाला भोक पडलं," मास्तर म्हणाले. "मतदानाच्या आडोशामागच्या जांभळ्या पेन्सिलीचं टोकच मोडलं. मला नवं काढून द्यावं लागलं."

"त्या भोकवाल्याची मला खरी भीती वाटते," डॉक्टर म्हणाले. "बाकीचे पोटाला मिळालं की विसरतील. तो नाही विसरणार."

"लोहारच असणार," ट्राउगॉट म्हणाला. "त्याचा हात जड आहे."

मास्तरांचं कोपर लागून एक ग्लास खाली पडला आणि फुटला. खानावळवाली झाडू घेऊन येईपर्यंत ट्राउगॉट गुडघ्यावर बसून कपच्या वेचू लागला होता. वेचलेलं सगळं त्याने जाकिटाच्या खिशात टाकलं. काच फुंकणाऱ्यांच्या गावाची ही रीतच आहे. घरात पोरं अनवाणी फिरतात, त्यामुळे जमिनीवर मोडकं काही दिसलं की विचार करायच्या आधी हात जातो आणि ते खिशात पडतं.

"बोट कापून घेशील," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही आहात की शिवायला." ट्राउगॉट उठला. त्याचे डोळे भरून आले होते. "डॉक्टर, मला राजकारण कळत नाही. एवढंच सांगतो, मी जिवंत असेपर्यंत या गावात तुमच्या केसाला धक्का लागणार नाही. फाडा ते पत्र."

डॉक्टरांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पत्त्यांकडे बघत होते.

मग डॉक्टर ट्राउगॉटकडे वळले. "तुझ्यासारखा एक जरी असला ना गावात, तरी पुष्कळ झालं," ते म्हणाले, आणि पाकीट चार तुकडे करून त्यांनी राखेच्या ताटलीत टाकलं. "वाटा मास्तर. डाव कुणाचा?"

ट्राउगॉट घरी आला तेव्हा अजून उजेड होता. त्याची बायको आल्मा बटाटे सोलत होती, लिझबेट दारात अनवाणी खेळत होती.

"काय रे, सापडला का कुणी?" आल्माने विचारलं.

"छे! सगळे धुतल्या तांदळासारखे. पण डॉक्टर राहताहेत. मीच थांबवलं त्यांना."

"देव पावला," ती म्हणाली. "ते जाकीट काढ, रविवारचं आहे. खिसा रिकामा कर आधी."

काचा टाकायचा डबा त्याने पुढे ओढला आणि जाकिटाचा खिसा उलटा केला. खानावळीतल्या कपच्या खणखणत पडल्या. त्यांच्या मागून एक जांभळं पेन्सिलीचं टोक पडलं.

"हे कुठलं?" आल्मा म्हणाली.

"काल शाळेत मोडलं. खाली पडलेलं, म्हणून उचललं."

त्याने डब्याचं झाकण लावलं आणि स्टुलावर बसून गावातलं एकेक नाव बोटांवर मोजू लागला. अख्ख्या गावात आपण एकटेच असणार, बर्लिनवाल्यांना जरा चिमटा बसेल, एवढंच काल त्याच्या मनात होतं. बाकीचे अठ्ठावन्न कोण, ते मात्र त्याला काही केल्या कळेना.