पोचा

बाळाला पाजताना घशाला कोरड पडली म्हणून मी दोनदा पाणी मागितलं. दोन्ही वेळा "आलोच" म्हणून नवरा त्या पेटीवरच वाकलेला. पेटीत माझ्या सवतीची, म्हणजे त्यानं हौसेनं पाळलेल्या गेको पालीची, दोन अंडी.

"एकाला पोचा पडलाय गं," तो हळहळला. "कोकोपीट सुकलं वाटतं."

अंड्यांखालचा तो नारळाच्या काथ्याचा भुसा त्यानं चिमूटभर घेऊन बोटांत दाबून पाहिला. गोळा झाला पाहिजे, पण थेंब गळता कामा नये, हे मला आता पाठ झालंय. मग अंड्यावर एक शिंतोडा उडू न देता त्यानं कडेकडेनं पाणी फवारलं. "वेळेत ओल मिळाली की पुन्हा टम्म होतं."

सवत आपल्या काचेच्या घरात निवांत लोळत होती.

"तिचं बरंय. अंडी घालून मोकळी, बाळंतपण तुझ्या गळ्यात."

"अगं, ती ढुंकूनही बघत नाही अंड्यांकडे. कोणीतरी नको का बघायला? आपल्या बाळाला तू आहेस."

"आणि मला?"

फवाऱ्याची बाटली त्याच्या हातातच राहिली. जवळ येऊन तो माझे खोल गेलेले डोळे, फुटलेले ओठ निरखत राहिला, अगदी अंडं निरखतो तसा. मग पाणी आणलं आणि मी पिईपर्यंत समोरच बसला.

"फार उशीर तर नाही ना झाला?"

मी रिकामा ग्लास पुन्हा त्याच्यापुढे धरला.